आवाज होतो, गॅस जळत नाही

“भाकरी कशीही येऊ दे, पण मशीनमधून थापल्याचा आवाज यायला हवा.”

पडद्यावर हे वाक्य उमटलं तेव्हा आधी गांगुर्डे सर हसले. ते हसले म्हणून मग बाकीचे.

“उद्या म्हणतील फोडणीचा वास येणारा पंखा द्या,” सर म्हणाले. “सानिका, ही कितवी?”

“एकशे सतरा, सर.”

“काढून टाक. बिघडलेली दिसते.”

मी हसले नाही असं लिहायला आवडलं असतं. पण हसले.

आमची कंपनी नाशिकला अंबडमध्ये. मिक्सर, ग्राइंडर, कणीक मळायची भांडी हा आमचा धंदा, आणि यंदा घरगुती भाकरी मशीन काढायचं ठरलं होतं. पीठ आणि पाणी घाला, सात मिनिटांत फुगलेली भाकरी. मी बावीस वर्षांपूर्वी इथे पॅकिंगला लागले, खोकी चिकटवता चिकटवता शेजारच्या टेबलावरचं बघून शिकत गेले, आणि आता नवीन उत्पादनाचं नियोजन माझ्याकडे आहे. लोकांना वाटतं, मशीन बनवणं अवघड. मशीन आठ महिन्यांत बनतं. मशीन म्हणजे नक्की काय, ते कोणासाठी, त्यात काय असणार आणि काय नसणार, हे ठरवायला सहा आठवडे मिळतात, आणि सगळी मारामारी त्यात असते. सहाव्या शनिवारी गरजपत्रकावर सह्या होतात. त्याला आम्ही पत्रक गोठलं म्हणतो. गोठल्यावर त्यात एक स्क्रूही वाढवता येत नाही.

पूर्वी हे ठरवायला आम्ही घरोघरी जायचो. बायका चहा करायच्या आणि खोटं बोलायच्या. “छान आहे हो, आम्हाला सगळंच चालतं.” झाकणाचा रंग कोणता हवा म्हटलं तर, “तुम्हाला आवडेल तो.” त्या उत्तरांवर काढलेला एक ग्राइंडर अजून गोदामात धूळ खात पडलाय.

आता जावं लागत नाही. बायकांच्या जुळ्याच आमच्याकडे आहेत.

हे काही जादूचं नाही. प्रत्येक उपकरण वीज ओढताना आपली खूण सोडतं. मिक्सर सुरू होताना जो हिसका देतो तो फ्रिज देत नाही, आणि मिक्सरमध्ये चटणी आहे की तो रिकामा फिरतोय हेही नव्या मीटरला कळतं. सिलिंडरखाली एक चकती असते, ती वजनावरून गॅस किती जळला ते सांगते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात भिंतीवर ‘सोबती’ नावाची पांढरी डबी असते. ती बोलणं साठवत नाही, फक्त आवाजांच्या जाती ओळखते. पडल्याचा, खोकल्याचा, नळाचा, थापण्याचा. पडल्याचा आवाज आला की ती ‘पडलात का?’ विचारते, आणि ‘नाही’ असं उत्तर आलं नाही तर नातेवाइकांना फोन जातो. वर्षभराची ही सगळी माहिती संगणकाला शिकवतात, आणि उद्या या घरात मिक्सर किती वाजता लागेल हे तो दहापैकी आठ वेळा बरोबर सांगू लागला की त्या घराची जुळी तयार झाली. मग तिला प्रश्न विचारायचे. ती त्या बाईचं मन वाचत नाही. अशी वागणारी बाई काय म्हणेल, एवढंच ती जुळवून बोलते.

फरक एकच, पण मोठा. खरी बाई बोलते तेव्हा समोर कोणीतरी असतं. जुळीसमोर कोणीच नसतं, त्यामुळे तिला लाज वाटत नाही.

आमच्याकडे अशा चारशे होत्या. नाव, गाव काढून टाकलेल्या, नुसते नंबर. नियम दोन. कोणती जुळी कोणाची हे शोधायचं नाही. आणि चुकून ओळखू आलीच तर त्याच दिवशी सांगायचं. मग ती जुळी पुसतात.

माझा स्वभाव संशयी. भाजीवाल्याने कोथिंबीर जास्त दिली तर मी जुडी उलगडून आतली पानं बघते. त्यामुळे मीटिंग संपल्यावर मी सानिकाच्या टेबलापाशी गेले. सानिका कासार म्हणजे या जुळ्यांची राखणदार. वय एकोणतीस, डोळ्यांवर केस, आणि संगणकाशी बोलताना माणसांपेक्षा जास्त प्रेमळ.

“बिघडलीय का गं ती खरंच?”

“नाही ना ताई. तेच तर. तिचे अंदाज सगळ्यात बरोबर येतात.” तिने पडद्यावर दोन रेषा काढल्या. “ही वरची थापण्याच्या आवाजाची. ही खालची गॅसची. बाकीच्या डबीवाल्या घरांत बघा, आवाज सुरू झाला की गॅस जळायला लागतो. तवा तापवणार ना माणूस. आणि ही एकशे सतरा.”

वरच्या रेषेवर रोज एक उंचवटा होता. खालची रेषा त्या वेळी सपाट.

“आवाज होतो, गॅस जळत नाही,” सानिका म्हणाली. “गेल्या दीड महिन्यापासून. म्हणजे या बाईला आवाज हवाय, भाकरी नकोय. मशीनबद्दल विचारल्यावर तिने तेच सांगितलं. मला तर भुताटकीच वाटली.”

“किती वाजता होतो आवाज?”

“दहा पाच. दहा बारापर्यंत. घड्याळ लावावं तसा.”

आमच्या कंपनीत चहाची सुट्टी दहा वाजून पाच मिनिटांनी होते. त्या सुट्टीत मी रोज गेटजवळच्या कडुलिंबाखाली उभी राहून आईला फोन करते.

“रोज?” मी विचारलं.

“रविवारी नऊला. आणि या महिन्यात सतरा तारखेला झालाच नाही. सतराला काय होतं, सण होता का काही?”

सतराला ऑडिट होतं. चहाची सुट्टी रद्द झाली होती. मी फोन केला नव्हता. आणि रविवारी मी घरून नऊलाच फोन करते.

“काही नाही,” मी म्हणाले. “बाई गावाला गेली असेल.”

नियमाप्रमाणे मी तिथेच सांगायला हवं होतं. मी चहा प्यायला गेले.

माझी आई, हौसाबाई, येवल्याच्या पुढे अंदरसूलला एकटी राहते. दादा, म्हणजे माझे वडील, गेले त्याला चार वर्षं झाली. मी एकुलती एक. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, चल नाशिकला. ती म्हणाली, या घरातून मी आडवीच निघेन. दोन दिवस भांडण झालं, मग मी हुशारी केली. कामावर करते तीच. अट घातली, मोजता येईल अशी. “ठीक आहे. तुझी भाकरी तू थापतेस तोपर्यंत इथे राहा. ज्या दिवशी भाकरी होणार नाही त्या दिवशी मी गाडी घेऊन येईन, आणि मग कुरकुर चालणार नाही.” आईने मान डोलावली. सोबतीची डबी मीच लावून घेतली. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा मीच धरून टेकवला. माहिती संशोधनासाठी वापरली जाईल या रकान्यावर मीच बरोबरची खूण केली, न वाचता. आणि सकाळच्या फोनवर मागून थप थप थप ऐकू आलं की माझा दिवस सुरळीत जायचा.

दुसऱ्या दिवशी दहा पाचला मी फोन लावला.

“हं, बोल कुमुद.” मागून थप थप.

“काय करतेस?”

“काय करणार बाई. भाकरी.”

“किती टाकतेस?”

“दोन. मला एकटीला काय लागतं.”

मी गप्प राहून ऐकलं. बाजरीची भाकरी काठवटीत थापताना आवाज बदलत जातो. आधी गोळा जाड असतो तेव्हा बोदा, मग ती पसरत गेली की हात लाकडाजवळ येतो आणि आवाज टणक होतो, मग एक क्षण काहीच नाही, कारण भाकरी उचलून तव्यावर गेलेली असते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. फोनमधला आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा बोदा होता. दीड महिना मी तो रोज ऐकत होते आणि काही ऐकलं नव्हतं.

“अशी गप का?” आई म्हणाली.

“काही नाही, चहा पितेय.”

“थंड करून पी. ठेवते, तवा तापलाय.”

गुरुवारी मी रजा टाकली. घरी सांगितलं, कंपनीच्या कामाला चाललेय. आईला काहीच कळवलं नाही. न कळवता जाण्याची आमच्यात पद्धत नाही. न कळवता फक्त वाईट बातमी येते. संक्रांतीनंतर मी गेलेच नव्हते. होळीला येते म्हटलं तर तीच म्हणाली होती, ऊन फार आहे, येऊ नको. तेव्हा मला ते प्रेम वाटलं होतं.

दहा पाचला मी आईच्या घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. चोरासारखी. फोन लावला. आत घंटी वाजली.

“हं, बोल कुमुद.”

ती खाली पाटावर बसली होती. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. पुढे काठवट, काठवटीत पिठाचा एकच गोळा. उजव्या हाताने ती त्याला थापटत होती, पसरू लागला की पुन्हा गोळा करायची आणि पुन्हा थापटायची. डावा हात मांडीवर पालथा पडला होता, मनगटापाशी वाकडा. शेगडी विझलेली. तवा भिंतीवर खिळ्याला लटकत होता.

“जेवणात काय आहे आज?” मी विचारलं. फोनमधला माझा आवाज मला खिडकीतून पुन्हा ऐकू आला.

“मेथी. तुला आवडती तशी, लसूण घालून.” थप थप थप. “ऊन हाये का तिकडं?”

“आहे.”

“डोक्यावर पदर घे. ठेवते, तवा तापलाय.”

तिने फोन बंद केला, गोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि गोळा उद्यासाठी फळीवर ठेवला. एका हाताने, अगदी सफाईने.

मी आत गेले नाही. शेजारच्या मथुरेच्या दारात गेले. मथुरा मला बघून दचकली आणि लगेच पदर तोंडाला लावला. म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

“ताई, मला शपथ घातलीये त्यांनी.”

“मग तू बोलू नको. मी विचारते, तू मान हलव. पडली का?”

मान हलली.

“कधी? शिमग्याच्या आधी?”

हलली. मग शपथ विसरून तीच बोलायला लागली. न्हाणीत पाय घसरला, हातावर पडली. डबीने तुम्हाला फोन लावायच्या आत त्यांनी डबीला सांगितलं, मी पडले नाही, बादली पडली. येवल्याला प्लास्टर केलं, पण हाड वाकडं जुळलं. बाकी तब्येत चांगली आहे. धुणं, झाडलोट, मेथी निवडणं, सगळं एका हाताने. “फक्त भाकरीच होत नाही, ताई. भाकरी मी देते दोन. तुम्हाला कळलं तर तुम्ही गाडी आणणार म्हणून...” तिने पुढचं गिळलं.

अर्ध्या तासाने मी पुढच्या फाटकाची कडी मुद्दाम जोरात वाजवली. आई बाहेर आली. डावा हात पदराखाली.

“अगं बया. अशी न सांगता?”

“येवल्याला काम होतं.”

“कसलं काम?”

“कंपनीचं.”

तिने माझ्याकडे बघितलं. संशय माझ्यात कुठून आला ते मला त्या नजरेत दिसलं.

जेवायला बसलो. ताटात बाजरीची भाकरी. आईची भाकरी कडेला कागदासारखी पातळ असते आणि कडेवर बोटांचे ठसे बारीक, दाट. ही कडेला जाड होती आणि ठसे लांब लांब, मथुरेच्या बोटांचे. शाळेत असताना मी डोळे मिटून डब्यातली आईची भाकरी ओळखायचे, हे आई विसरली असेल का? मला नाही वाटत.

“भाकरी छान झालीय,” मी म्हणाले.

“पीठ ताजं हाये.”

“मऊ आहे.”

“पाणी कोमट घेतलं की व्हती मऊ.” मग जरा थांबून, “तू मला तपासायला आली का?”

“नाही गं. काम होतं म्हटलं ना.”

“मग खा.”

अशा आम्ही दोघी खोटं बोलत जेवलो. मेथी मात्र खरी होती.

येताना बसमध्ये मला राग यायला लागला, आधी आईचा, मग मथुरेचा, मग त्या जुळीचा. बाई दीड महिना माझ्याशी रोज बोलते आणि सांगत नाही, आणि तिची ती विजेवर चालणारी सावली चार अनोळखी इंजिनिअरांना सांगून मोकळी होते. नाशिक येईपर्यंत राग फिरून माझ्यावर आला. आमच्या धंद्यात सगळ्यात आधी हेच शिकवतात की माप चुकीचं ठरवलं की माणसं काम करत नाहीत, माप भरतात. मी आईला धडधाकट राहा म्हटलं नव्हतं. भाकरी थाप म्हटलं होतं. तिने थापून दाखवली.

शनिवारी पत्रक गोठायचं होतं. खोलीत गांगुर्डे सर, सानिका, डिझाइनचे दोघं आणि मी. सरांनी यादी वाचत आणली आणि विचारलं, “अजून काही?”

“दोन गोष्टी,” मी म्हणाले. “मशीन एका हाताने चालायला हवं. झाकण, पिठाचं भांडं, सगळं. आणि थापण्याचा आवाज हवा. बटणावर. हवा तर लावा, नको तर बंद.”

“कुमुदताई, तुम्हीसुद्धा? चारशेत एक आहे ती.”

“एकीनेच सांगितलं, कारण आपण बाकीच्यांना विचारलंच नाही. आपण विचारलं, मशीन कसं हवं. सानिका, आता असं विचार, घरात मशीन आलंय हे कोणाला कळू नये असं वाटतं?”

सर हसायला लागले होते, पण सानिकाने तोवर विचारून टाकलं. चारशे जुळ्यांना उत्तर द्यायला मिनिटभर लागलं. पडद्यावर एकेक नाव नव्हे, नातं उमटत गेलं. सासूला. मुलाला. गावातल्या जावेला. नवऱ्याला, तो म्हणतो हातची भाकरी ओळखतो. नवऱ्याला. सुनेला. मुलीला.

“एकसष्ट,” सानिका हळूच म्हणाली.

डिझाइनच्या पोराने फोन उलटा ठेवला. गांगुर्डे सर पडद्यावरच्या ‘नवऱ्याला’ या शब्दाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

“या चारशेत नाशिकची घरं आहेत का गं?” त्यांनी विचारलं.

“ते सांगता येत नाही, सर.”

“नाही, सहज विचारलं.” त्यांनी पेन उघडलं. “घ्या. एक हात आणि बटण. दोन्ही घ्या.”

सह्या झाल्या, पत्रक गोठलं. मग मी म्हणाले, “आणि एक. एकशे सतरा माझी आई आहे. मला मंगळवारीच कळलं होतं.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चार दिवस लपवल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली आणि जुळ्यांच्या खोलीचा माझा पास काढून घेतला. ते योग्यच होतं. जुळी त्या दुपारी पुसायची होती. सानिकाने मला जिन्यात गाठलं.

“ताई, पाच मिनिटं आहेत. मी बघत नाही. काही विचारायचं असेल तर विचारा तिला.”

विचारायचं एकच होतं. मी न्यायला गेले तर ती खरंच मोडून पडेल का, की चार दिवस रुसून रमेल? जुळीने खरं सांगितलं असतं. त्याचीच भीती वाटली.

“पूस,” मी म्हणाले.

मशीन पुढच्या पौषात तयार झालं. चाचणीच्या पहिल्या खेपेतलं एक मी माझ्या नावावर घेतलं आणि मथुरेकडे पाठवलं. म्हटलं, बचत गटातून आलंय असं सांग. मथुरा आता माझ्याही शपथेत होती. त्या बाईची मला कीव येते.

मग दहा पाचच्या फोनमध्ये थप थप बदललं. आधी बोदं, मग टणक, मग क्षणभर शांत. चाळीस बायकांच्या हातांवरून आम्ही तो आवाज बनवला होता, आणि तो अगदी जसाच्या तसा होता. “कशी झाली?” मी विचारायचे. “हातची ती हातचीच,” आई म्हणायची. मी हं म्हणायचे. पहिल्यापेक्षा बरं होतं. निदान आता तवा तापत होता, मशीनमधला का होईना. पण फोन ठेवला की मला रोज वाटायचं, आईला खोटं बोलणं सोपं जावं म्हणून मी एक अख्खा प्रकल्प उभा केला.

महाशिवरात्रीनंतरच्या एका बुधवारी मी फोन लावला आणि मागे काहीच नव्हतं. शांत.

“आई?”

“हं, बोल.”

“बरी आहेस ना? काय करतेस?”

“भाकरी व्हतीये.”

“आवाज येत नाही.”

“बंद केलाय,” ती म्हणाली. “बटण हाये त्याला.”

कडुलिंबाखाली पॅकिंगच्या मुली हसत खिदळत होत्या. मी फोन कानावर दाबला. तिकडून नुसता आईचा श्वास ऐकू येत होता. किती दिवसांनी, मागे काही नसताना.

“हे मशीन ज्यानं केलं,” ती म्हणाली, “त्याला माझा हात कसा काय ठाऊक? झाकण बघ, बरोबर उजवीकडून उघडतं.”

मी चहाचा पेला खाली ठेवला.

“त्या दिवशी खिडकीपाशी चप्पलांचे ठसे व्हते, कुमुद. मी काय आंधळी नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलली?”

चहाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुली आत गेल्या. मी तिथेच उभी राहिले.

“उद्या येते मी,” म्हणाले.

“न्यायला, का जेवायला?”

“जेवायला.”

“मग चार लावते,” आई म्हणाली, आणि फोन ठेवला नाही.